आठ आणे आणि आठ आणे

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला नुसतं चांगलं किंवा वाईट म्हणायची पद्धत नव्हती, तिला आणे लावले जायचे. आजची आमटी चौदा आणे, शेजारच्या मुलीचं गाणं पाच आणे, नव्या धोब्याचं काम जेमतेम सात. ही खोड नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते महसूल खात्यात होते आणि त्यांचं अर्धं आयुष्य उज्जैनच्या आसपासची शेतं पाहून आणेवारी काढण्यात गेलं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. त्यातून पावसानं, किडीनं, ढोरांनी खाल्लं ते वजा करायचं आणि बांधावर उभं राहूनच सांगायचं, की यंदा ज्वारी दहा आणे, गहू अकरा. त्यावर शेतकऱ्यांच्या साऱ्याची सूट ठरायची, म्हणून नाना तोंडातून आकडा काढताना फार जपत. आज नानाखेड्याचा बस स्टँड आणि कॉलन्या आहेत तिकडे तेव्हा हरभरा असायचा. परवा तिथून रिक्षानं जाताना मी रिक्षावाल्याला सांगितलं, की इथल्या हरभऱ्याला माझ्या वडिलांनी एकदा चौदा आणे दिले होते. तो म्हणाला, "अच्छा, माताजी," आणि हॉर्न वाजवत रिक्षा पुढे काढली.

आम्ही देवास गेटच्या मोटार स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. नाना, आई आणि मी, बस. सकाळ व्हायची ती मोटारवाल्यांच्या हाळ्यांनी. "देवास, देवास, देवास" असं एकजण ओरडायचा आणि त्याच्यावर दुसरा "आगर, आगर". वरच्या मजल्यावर घरमालकीण चौधराइन काकी सिलबट्ट्यावर मिरची वाटायच्या, तो घरघराट आमच्या छतातून खाली यायचा. आमची मराठी त्या आवाजातच वाढलेली. पणजोबा शिंद्यांच्या लष्कराबरोबर इकडे आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. मामा मिरजेहून आला की हसायचा. "काय गं कुसुम, 'मी येऊन राहिले' म्हणजे काय? येऊन कुठे राहिलीस?" मी त्याला चिडून उत्तर द्यायची. उत्तर देण्यात मी कुणाला हार जात नसे. नाना म्हणायचे, या पोरीचा स्वयंपाक सहा आणे, वाद मात्र सोळा आणे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ज्या एका दिवशी वाद घालायला हवा होता त्या दिवशी मी गप्प बसले.

त्या वर्षी आई आतल्या खोलीत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. आधी खोकला, मग संध्याकाळचा ताप, मग रुमालावर लाल ठिपका. क्षय हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. आईनं स्वतःच आपली वाटी, भांडं, ताटली वेगळी केली आणि मला दम भरला, की उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर माझ्याशी गाठ आहे. तेव्हा मी इंटरला होते, आणि घरातलं सगळं माझ्यावर आलं. स्वयंपाक मी बाहेरच्या खोलीत करायची आणि आई आतून तो कानानं करायची. मी तेल टाकलं, की आतून आवाज, "अजून तापू दे." मोहरी टाकली, की "आता हिंग. आता लगेच हळद, जळेल नाही तर." भुट्ट्याचा कीस ढवळताना तो खाली लागला, की तिला वास यायच्या आधी आवाजानं कळायचं. मग दमून ती गप्प व्हायची, आणि मी पळी हातात धरून तिच्या पुढच्या शब्दाची वाट पाहायची. आज सत्तरी ओलांडली तरी फोडणी करताना मी एक क्षण थांबते, आतून काही येतं का म्हणून.

इंजेक्शनं झाली, ताप हटेना. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. घरात ठेवून भागणार नाही, सॅनेटोरियमची खाट मिळाली आणि तिथे फुप्फुसावर उपचार झाले तर बाई वाचतील. दिवाळीच्या आत मिळायला हवी. त्यानंतर मिळाली काय आणि न मिळाली काय. नानांनी घरी येऊन मला हे उभ्या उभ्या सांगितलं आणि टोपी खुंटीला लावायची विसरून तशीच डोक्यावर ठेवून जेवायला बसले.

इंदूरकडच्या एका सॅनेटोरियममध्ये सरकारी नोकरांच्या घरच्यांसाठी काही खाटा राखून ठेवलेल्या होत्या. पण तेव्हा सरकारच ताळ्यावर नव्हतं. नाना नोकरीला लागले ते संस्थानात. संस्थान गेलं, मध्य भारत आला. आता मध्य भारतही मोडून भोपाळला नवं राज्य उभं राहत होतं. तीन सरकारं झाली, टेबल तेच, असं नाना हसून सांगायचे, पण त्या वर्षी टेबलाचीही खात्री उरली नाही. भोपाळहून याद्या येणार होत्या आणि त्यांच्या खात्यात छाटणी व्हायची होती. हेडक्लार्क म्हणाला होता, "आधे रहेंगे, आधे जाएँगे, जोशीजी. किस्मत की बात है." नाव यादीत नसेल तर नाना सरकारी नोकर नाहीत, आणि मग राखीव खाटेवर आमचा हक्क नाही. नाव आलं तरी खाट रिकामी व्हायला हवी. तिथल्या बाबूनं सांगितलं, की दिवाळीपर्यंत जेवढ्या खाटा रिकाम्या होतील त्याच्या दुप्पट माणसं रांगेत आहेत, आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. म्हणजे यादी हवी आणि खाटही हवी. एक मिळून उपयोग नव्हता.

पितृपक्षात मामाचं पत्र आलं. मिरजेच्या एका इस्पितळात त्यानं ओळखीनं आईसाठी जागा ठरवली होती. खात्रीची जागा. दोन अटी होत्या. होकार दसऱ्यापर्यंत कळवायचा, कारण त्यापुढे ते जागा धरून ठेवणार नव्हते. आणि रोग्याजवळ घरचं बाईमाणूस पाहिजे, तेव्हा कुसुमला बरोबर पाठवा, सहा-आठ महिने तरी लागतील. पत्र नानांनी मोठ्यानं वाचलं, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. मग घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं. सहा-आठ महिने म्हणजे माझी परीक्षा गेली. हे मला पहिल्यांदा सुचलं. आईचं नंतर. जे आहे ते लिहायला बसले आहे तर हेही लिहिते.

त्या संध्याकाळी जेवताना नानांनी हिशेब मांडला. "नोकरी राहायची शक्यता किती? आठ आणे. खाट मिळायची? आठ आणे. आठ नि आठ?" माझ्याकडे पाहून ते थांबले, मी लहान असताना पाढे घेताना थांबायचे तसे. मी म्हटलं, "सोळा." नाना म्हणाले, "झालं तर मग. भरलं पीक. कशाला मेहुण्याच्या दारात जायचं, दोन दिवसांचा प्रवास, हिला झेपणार आहे का तो? आणि तुझं वर्ष?" मग आत ऐकू जावं म्हणून आवाज चढवून म्हणाले, "ऐकलंत का? सोळा आणे." चौधराइन काकी कढी द्यायला खाली आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "भैया, ग्रह फिरता है तो सब साथ में फिरता है. एक काम बना तो दूसरा अपने आप बनेगा. महाकाल बैठा है ना." नानांनी मान डोलावली. हेच त्यांच्या मनात होतं. साडेसाती सुटली की सगळ्याच गाठी एकदम सुटतात, असं ते धरून चालले होते. उज्जैनमध्ये राहून कोण असं धरत नाही?

त्याच आठवड्यात कॉलेजात सक्सेना सरांनी संभाव्यता शिकवायला घेतली. वर्गात आम्ही तीनच मुली, पहिल्या बाकावर. सरांनी खिशातून दोन नाणी काढली, एक उजव्या हातात, एक डाव्या. "ये दो सिक्के आपस में बात नहीं करते," ते म्हणाले. "इसको पता नहीं कि उसका क्या आया. तो दोनों चित आने का मौका कितना? जोड़ना मत. गुणा करो. आधे का आधा." फळ्यावर एक छेद दोन, गुणिले, एक छेद दोन, बरोबर एक छेद चार. मी वहीत उतरवलं आणि माझा हात तिथेच थांबला. आठ आण्यांचे आठ आणे. चार आणे. चार आण्यांच्या पिकाला नाना दुष्काळ म्हणत. सर विचारत होते, "क्यों बेटा, समझ में नहीं आया?" मी म्हटलं, "आया, सर." मला वाटतं, माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं पक्कं मला दुसरं काही समजलं नाही.

घरी करायला सरांनी दिलं होतं, की दोन नाणी शंभर वेळा उडवा आणि काय पडतं ते मांडा. आईनं आतून विचारलं, आज काय शिकलीस? मी उंबऱ्यावर बसून सांगितलं, नुसतं नाण्यांचं, घरातलं काही नाही. ती म्हणाली, "नाणी कशाला? चिंचोके आण. मी टाकते, तू लिही. पडून पडून कंटाळा आलाय." एक चिंचोका फोडून, दगडावर घासून मी त्याच्या दोन डाळी केल्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी, पटावर खेळायला करतात तशा. त्या मी तिच्याकडे सरकवल्या. ती उशीला टेकून बसली आणि आपल्या वेगळ्या ताटलीत टाकायला लागली. टण, टण. "एक पांढरा, एक काळा." टण, टण. "दोन्ही काळे." मध्येच खोकला यायचा, मग आम्ही थांबायचो. तीन दुपारी लागल्या आम्हाला शंभर पुरे करायला. मी उभ्या रेघा ओढत गेले. शेवटी आईनं विचारलं, "दोन्ही पांढरे किती?" मी मोजले. चोवीस. चिंचोका काही टाकसाळीत पडत नाही, तरी चोवीस. आई हातातल्या डाळींकडे पाहत म्हणाली, "म्हणजे चारात एकदा." मी म्हटलं, "हो." मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी वही मिटली.

एकदा, फक्त एकदाच मी नानांशी बोलायला गेले. ते अंगणात दाढी करत होते. म्हटलं, "नाना, आठ आणि आठ असे मिळवायचे नसतात." ते आरशातून हसले. "मग काय वजा करायचे?" एरवी मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले असते, चिंचोके त्यांच्या पुढ्यात टाकून दाखवले असते, त्यांना दाढी पुरी करू दिली नसती. त्या दिवशी मी म्हटलं, "काही नाही," आणि दूध तापवायला आत गेले. दूध उतू जाईल म्हणून गेले, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. दूध अजून चुलीवर ठेवलंसुद्धा नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी नानांनी मामाला पत्र लिहिलं. उपकार मानले, प्रवास झेपणार नाही असं लिहिलं, इथेच व्यवस्था होईल अशी खात्री कळवली. पाकीट माझ्या हातात दिलं. "देवास गेटच्या पेटीत टाकून ये, आणि येताना झेंडूची फुलं घेऊन ये." गर्दी मनस्वी होती. हाळीवाले ओरडत होते, "देवास, देवास", एका मोटारीच्या टपावर केळीचे खांब बांधलेले. मी पेटीपाशी उभी राहिले. पाकीट फाडून टाकता आलं असतं. परत जाऊन नानांचा हात धरून म्हणता आलं असतं, की नाना, चार आणे आहेत, फक्त चार, बारा आणे आई जाणार आहे. बारा आणे. हे सगळं मला नीट दिसत होतं, फळ्यावर लिहावं तसं. आणि त्याच्याच शेजारी दिसत होतं, की सक्सेना सर म्हणाले आहेत, ये लड़की गणित में आगे जाएगी. मिरजेला गेले तर वर्ष गेलं, आणि एकदा वर्ष गेलं की मुलीला पुन्हा कॉलेजात कोण पाठवतं? मी पाकीट आत ढकललं. पेटी बहुधा रिकामी असावी, ते तळाला पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग मी झेंडू घेतले आणि घरी आले.

यादी आठ-दहा दिवसांनी आली. नानांचं नाव होतं. ते कचेरीतून चालत नाही, जवळजवळ पळत आले, हातात पेढे आणि शेवेचा पुडा. पन्नाशीचा माणूस, पण आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहून लहान पोरासारखा बोलत होता. "अहो, आलं नाव. आठ आणे पदरात पडले. आता उरलेले आठ कुठे जातात? ग्रह फिरला." चौधराइन काकींनी वरून विचारलं, "बन गया?" नाना म्हणाले, "आधा बन गया, काकी." मी हातातला पेढा तसाच ताटलीत ठेवला. सरांचं नाणं आठवत होतं. याला माहीत नाही त्याचं काय पडलं. भोपाळच्या ज्या बाबूनं नानांचं नाव यादीत लिहिलं त्याला माझी आई खोकते हे माहीत नव्हतं, आणि इंदूरकडे जो चिठ्ठ्या काढणार त्याला नानांचं नाव यादीत आलंय याचं काय? त्याच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात अजूनही आठच आणे होते.

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सॅनेटोरियमचं कार्ड आलं. छापील होतं, नाव तेवढं शाईनं भरलेलं. खेद आहे, जागा नाही. नानांनी ते पुढून वाचलं, मागून पाहिलं, पुन्हा पुढून वाचलं. मग अंगात कोट चढवला आणि तारघराकडे धावले. मामाला तार केली, येतो, जागा ठेवा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, जागा दसऱ्यालाच गेली. हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये म्हणतात, तसं झालं. नाना ओसरीवर बसले आणि बोटं मोजायला लागले. "आठ आले होते," ते म्हणत होते. "आठ तर आले होते." गल्लीत पोरं फटाके वाजवत होती. मी पणत्या लावल्या, कारण न लावल्या तर आईला कळलं असतं.

तिला कळलं होतंच. भाऊबीज झाल्यावर एका दुपारी तिनं मला हाक मारली. मी उंबऱ्यावर बसले. तिचा आवाज इतका गेला होता, की मला पुढे वाकावं लागलं. ती म्हणाली, "पत्र तूच टाकलंस ना?" मी म्हटलं, "हो." "मग बरं केलंस." मला वाटलं तिला तापात काही सुधरत नाहीये. मी म्हटलं, "आई, मला माहीत होतं गं, चारच आणे होते." ती म्हणाली, "मला नव्हतं माहीत होय? चिंचोके कोण टाकत होतं? दोन्ही पांढरे पाडायचे म्हणून तीन दुपारी मी जीव तोडून टाकले, पडले का?" खोकल्यानं ती थांबली. मग म्हणाली, "तू ह्यांना समजवायला गेली असतीस तर मीच तुला गप्प केलं असतं. माझ्यापायी तुझं वर्ष गेलं असतं. मग आयुष्यभर अशीच फोडण्या देत बसली असतीस."

लोकांना वाटेल हे ऐकून माझा जीव हलका झाला असेल. नाही झाला. मला तिचा भयंकर राग आला. तिनं मला चार शिव्या द्यायच्या, नाही तर म्हणायचं, की कार्टे, आईपेक्षा परीक्षा मोठी झाली का तुला. ते मला सोसलं असतं. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती क्षीण आवाजात ओरडत राहिली, "बाहेर हो, बाहेर हो," आणि मी हलले नाही.

आई पौषात गेली, संक्रांतीचे तीळ भाजून ठेवले होते त्या आठवड्यात. शिप्रेवर नाना आणि मामा गेले. मामा मिरजेहून आला होता, तो कुणाला एक शब्द बोलला नाही. मार्चमध्ये मी परीक्षेला बसले आणि पहिल्या वर्गात पास झाले. पेपरात संभाव्यतेवर एकही प्रश्न आला नव्हता. त्याच सुमाराला बाजारात नवे पैसे आले आणि आणे बंद झाले. नाना फार घोटाळले. रुपयाचे शंभर भाग त्यांना शेवटपर्यंत जमले नाहीत. कचेरीत ते नवे पैसे लिहायचे आणि घरी येऊन आमटीला आणेच द्यायचे.

मी गणिताची मास्तरीण झाले. पस्तीस वर्षं पोरींना शिकवलं, उज्जैनमध्येच. दर वर्षी तो धडा आला की मी फळ्यावर एक छेद दोन गुणिले एक छेद दोन लिहायची आणि सांगायची, गुणाकार करा, बेरीज करू नका, या दोन गोष्टींची आपसात ओळख नाही. पोरी उतरवून घ्यायच्या. चिंचोके मी वर्गात कधीच नेले नाहीत.

नाना माझ्याकडेच राहिले. शेवटच्या वर्षात त्यांना दिसत कमी होतं आणि जुन्या गोष्टी मात्र लख्ख आठवत होत्या. एका सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते आणि ते पाठीमागे खाटेवर बसले होते. मध्येच म्हणाले, "कुसुम, तू एवढं गणित शिकलीस, मला एक सांग. त्या वेळी मी कुठे चुकलो? नोकरीचे आठ, खाटेचे आठ. आठ नि आठ सोळाच होतात ना गं?"

कढईतली मोहरी तडतडत होती. मी वळून पाहिलं नाही.

"हो, नाना," मी म्हटलं. "सोळाच."